तबकडीवरील मैफल

महाबळेश्वराच्या माथ्यावर उगम पावलेली कोयना दाट रानांतून दक्षिणेकडे धावते, हेळवाकपाशीं पूर्वेकडे वळते, पाटणच्या दरींतून वाट काढीत कर्‍हाडला कृष्णेला समोरासमोर भेटते, आणि पुढें तेंच पाणी सांगलीच्या घाटांना स्पर्श करून मिरजेच्या शिवाराकडे जातें. पाण्याचा हा मार्ग ठरलेला आहे. गाण्याचा मार्ग मात्र ह्याच्या उलट होता. तें मिरजेंतून, सांगलींतून, कुरुंदवाडांतून निघालें आणि वर चढत डोंगराच्या कुशींतील कसब्यांपर्यंत गेलें. पाटणसारख्या गांवीं मोठ्या गवयाची बैठक ठरविणें हें कांहीं सोपें काम नव्हे. बिदागी कोणी द्यावी, तंबोरे बैलगाडींतून कोणी आणावे, आणि रात्रभर मांडी न मोडतां ऐकणारे जाणकार कोठून गोळा करावे? परंतु एक लांकडी पेटी, तिच्यावर शिंग, बाजूला चावी आणि कापडांत गुंडाळलेल्या पांचदहा काळ्या थाळ्या, एवढा संसार कोणत्याहि गाडींतून कोठेंहि नेतां येई. त्याला विजेची गरज नसे. ज्या कोयनेच्या पाण्यावर १९६० नंतर महाराष्ट्रांतील शहरें उजळूं लागलीं, तिच्याच कांठीं त्यापूर्वीं कंदिलाच्या उजेडांत चावीचा ग्रामोफोन ऐकतां येत होता, हा योगायोग मौजेचा आहे.

थाळी फिरूं लागली म्हणजे तीन मिनिटें, फार तर सव्वातीन मिनिटें गाणें चाले. मग सुई घरघरे, कोणी तरी उठून ती उचली, थाळी उलटी करी, चावी देई, आणि पुन्हां तीन मिनिटें. एका बैठकींत एकच राग तासभर फुलविणार्‍या ख्यालगायकाला ही चौकट म्हणजे निव्वळ शिक्षाच होती. कित्येकांनीं ती पत्करली नाहीं. कित्येकांनीं पत्करली, पण तिच्यांत त्यांचें गाणें घुसमटलें. साठी उलटल्यावर ही चौकट दुसर्‍यांदा पत्करणार्‍या, आणि तिच्यांत आपलें सारें गाणें आश्चर्यकारक रीतीनें बसविणार्‍या मिरजेच्या एका वृद्ध गवयाची, खांसाहेब अब्दुल करीमखां ह्यांची, ही हकीकत आहे.

खांसाहेब जन्मानें मिरजेचे नव्हत. उत्तर हिंदुस्थानांत मुजफ्फरनगरच्या बाजूला कैराना नांवाचें गांव आहे. त्या गांवच्या गवयांच्या घराण्यांत ११ नोव्हेंबर १८७२ रोजीं त्यांचा जन्म झाला. वडील काळेखां. मराठी माणसें ह्या गांवाला किराणा म्हणतात, आणि त्यावरूनच 'किराणा घराणें' हें नांव रूढ झालें. १८७२ हें वर्ष संगीताच्या दृष्टीनें मोठें भाग्याचें म्हटलें पाहिजे. त्याच वर्षीं कुरुंदवाडला विष्णु दिगंबर पलुसकर जन्मले, आणि त्याच वर्षीं सांगलीला नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर. तिघांच्याहि वाटा पुढें कोठें ना कोठें एकमेकांना छेदून गेल्या.

तरुणपणीं अब्दुल करीमखां आपले बंधु अब्दुल हक ह्यांच्यासह गात गात बडोद्यास आले. सयाजीराव महाराजांच्या दरबारीं त्यांचें गाणें रुजूं झालें. तेथेंच सरदार मारुतीराव माने ह्यांची कन्या ताराबाई त्यांच्याकडे गाणें शिकूं लागली, आणि शिकणें कोठें संपलें व प्रीति कोठें सुरू झाली हें दोघांनाहि कळलें नसावें. मुसलमान गवई आणि मराठा सरदारकन्या! त्या काळीं त्यांना बडोदें सोडण्यावांचून गत्यंतरच नव्हतें. मुंबईमार्गें हें जोडपें दक्षिणेकडे आलें आणि एकोणिसावें शतक संपतां संपतां मिरजेस पोंचलें.

मिरजच कां, असा प्रश्न सहज उद्भवतो. त्याचें एक उत्तर पटवर्धन संस्थानिकांच्या रसिकतेंत आहे. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रांत आणणारे बालकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेस राहत, आणि त्यांच्यापाशींच विष्णु दिगंबर शिकले. दुसरें उत्तर मिरजेच्या एका गल्लींत आहे. पूर्वीं तलवारींना पाणी देणारे व धार लावणारे शिकलगार तेथें होते. लढाया संपल्या, तलवारी खुंटीला लागल्या, धंदा बसला. तेव्हां फरीदसाहेब नांवाच्या कारागिरानें दुरुस्तीला आलेल्या तंबोर्‍यांवरून नवे तंबोरे बनविण्याचा अभ्यास केला, आणि पोलादाला सरावलेले ते हात भोपळ्याला आणि लांकडाला वळले. मिरजेच्या तंबोर्‍याची कीर्ति पुढें सार्‍या हिंदुस्थानांत झाली. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीला व तंबोर्‍याला भौगोलिक निर्देशनाची सरकारी नोंदहि मिळाली. स्वराच्या बाबतींत करीमखांइतका चिकित्सक गवई क्वचित् झाला असेल. तंबोरा लागल्यावांचून त्यांचा कंठ उघडत नसे. अशा माणसाला तंबोर्‍यांचें गांव आवडावें ह्यांत नवल तें काय? तिसरें उत्तर आगगाडीचें. पुण्याहून धारवाड, हुबळी आणि पुढें म्हैसुराकडे जाणारा लोहमार्ग मिरजेवरून जातो. मिरजेंत बसलें म्हणजे एक हात महाराष्ट्रावर आणि दुसरा कर्नाटकावर ठेवल्यासारखें होतें, आणि करीमखांनीं ते दोन्ही हात शेवटपर्यंत उचलले नाहींत.

ह्या सर्वांहून लोकांना प्रिय असलेलें उत्तर निराळेंच आहे. प्लेगच्या दिवसांत खांसाहेब मिरजेंत आजारी पडले, ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यांत त्यांनीं गाऊन सेवा केली, आणि ते बरे झाले, अशी कथा सांगतात. कथेचा खरेपणा कोणी कसाहि ठरवो. दर वर्षींच्या उरुसांत दर्ग्याच्या आवारांत ते श्रद्धेनें गात, एवढें मात्र खरें.

आतां तबकडीकडे वळावें. १९०२ च्या नोव्हेंबरांत फ्रेड गैसबर्ग नांवाचा तंत्रज्ञ कलकत्त्यास आला आणि त्यानें गोहरजान ह्या गायिकेचा आवाज मुद्रित केला. त्या आरंभींच्या तबकड्यांच्या शेवटीं गोहरजान इंग्रजींत आपलें नांव मोठ्यानें पुकारते. ऐकणार्‍याला हा दिमाख वाटतो, पण कारण साधें आहे. मुद्रणाचें मेण जर्मनींत हानोव्हरला जाई. तेथील कारागिराला ना गाणें कळे ना भाषा. कोणत्या थाळीवर कोणाचें नांव चिकटवावयाचें हें त्याला समजावें म्हणून ही युक्ति. थाळींतील लाख हिंदुस्थानांतून जाई, गाणेंहि हिंदुस्थानांतून जाई, आणि दोन्ही एक होऊन जहाजानें परत येत. कलकत्त्यांत सियालदह येथें १९०८ सालीं कारखाना निघाला तेव्हां हा द्राविडी प्राणायाम थांबला.

१९०५ च्या सुमारास, म्हणजे हा कारखाना निघण्यापूर्वींच, ग्रामोफोन अँड टाइपरायटर कंपनीनें अब्दुल करीमखांचें गाणें मुद्रित केलें. त्या वेळीं त्यांचें वय तेहतीसच्या आसपास. गवयानें एका मोठ्या शिंगाच्या तोंडाशीं तोंड नेऊन गावयाचें, आणि त्या आवाजाच्या धक्क्यानें पलीकडची सुई मेणांत रेघ ओढणार, अशी ती पद्धत होती. शिंगाला बारकावा कळत नसे. त्याला जोर कळे. भरदार पहाडी आवाजाच्या गवयांचें ह्यांत फावलें. करीमखांचा आवाज बारीक, टोकदार, सारंगीच्या तारेसारखा. त्या आवाजाचा जो मर्मभाग, म्हणजे स्वरावर स्थिरावतांना हळूच येणारी ओल, ती शिंगाच्या पलीकडे जाणें शक्यच नव्हतें. त्या मुद्रिकांवर खांसाहेब आहेत, पण अंधुक छायाचित्रांतला ओळखीचा चेहरा असावा तसे. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षें त्यांच्या नव्या तबकड्या निघाल्या नाहींत.

त्या तीस वर्षांत काय काय निसटलें ह्याचा हिशेब मांडला म्हणजे मन विषण्ण होतें. बाल गंधर्वांचे गुरु भास्करबुवा बखले १९२२ सालीं वारले. त्यांचा आवाज आज कोठेंहि उपलब्ध नाहीं. अल्लादियाखां पुढें १९४६ पर्यंत हयात होते, परंतु त्यांनीं तबकडीला आपला आवाज दिला नाहीं. त्यांची गायकी शिष्यांच्या गळ्यांतून ऐकावी लागते. आपली विद्या बाजारांत तीन मिनिटांच्या तुकड्यांनीं विकली जावी, पानपट्टीच्या दुकानावर कोणीहि ती वाजवावी, हें ह्या मानी माणसांना रुचलें नसेल तर त्यांना दोष कसा द्यावा? पण पुढच्या पिढीच्या पदरीं केवळ आख्यायिका आल्या, हेंहि तितकेंच खरें.

ह्या प्रश्नाची दुसरी बाजू कुरुंदवाडांत पाहावयास मिळते. ग्वाल्हेरच्या हद्दूखांचे चिरंजीव रहिमतखां हे विलक्षण गवई. स्वभावानें भ्रमिष्ट, व्यवहाराला पारखे, अफूच्या आहारीं गेलेले. त्यांना सांभाळलें तें अंकलखोपच्या विष्णुपंत छत्र्यांनीं. १८८० सालीं मुंबईंत आपल्या सर्कशीचा पहिला खेळ करणारे हे विष्णुपंत स्वतः हद्दूखांपाशीं गाणें शिकलेले. गुरुपुत्राला त्यांनीं आपल्या तंबूंत आश्रय दिला, आणि वाघसिंहांच्या खेळांच्या जोडीनें हिंदुस्थानानें रहिमतखांचें गाणेंहि ऐकलें. विष्णुपंतांच्या मागें त्यांच्या बंधूंनीं हें व्रत चालविलें. रहिमतखांच्या मोजक्याच मुद्रिका झाल्या त्या अगदीं अखेरीस, १९२० च्या सुमारास, आणि दोन वर्षांनीं कुरुंदवाडांतच ते कालवश झाले. त्या थाळ्यांवरचा आवाज म्हातार्‍याचा आहे, दम अपुरा आहे, पण ज्यांनीं त्या ऐकल्या त्यांना करीमखांच्या गाण्याचा एक मोठा झरा कोठें आहे तें तत्काळ उमगलें. तरुण करीमखांच्या मनावर रहिमतखांच्या गाण्याचा मोठा ठसा उमटला होता. भैरवींतील 'जमुना के तीर' रहिमतखांनीं मुद्रित केली होती. पुढें तीच करीमखांनींहि केली. दोन्ही एकापाठोपाठ ऐकाव्या. पहिलीचें बोट धरून दुसरी चालते, आणि मध्येंच कोठें तरी तें बोट सोडते.

मधल्या काळांत करीमखां स्वस्थ बसले नव्हते. १९१३ सालीं त्यांनीं पुण्यास आर्य संगीत विद्यालय काढलें. विद्यार्थ्यांना ठेवून घेऊन, जेवूं घालून शिकवावयाचें आणि जलसे करून त्याचा खर्च भागवावयाचा, असा तो खटाटोप होता. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल हे त्याच सुमारास बावीस श्रुतींच्या मापनाच्या मागें लागले होते. त्यांचें ह्या विषयावरील इंग्रजी पुस्तक १९१० सालीं निघालें, आणि क्लेमेंट्स नांवाच्या संगीतप्रेमी इंग्रज अधिकार्‍यानें त्यांना साथ दिली. गणित देवलांचें, पण गळा करीमखांचा. गवयानें स्वर लावावा आणि पंडितानें तो मोजावा, असा हा प्रयोग सांगलीमिरजेच्या परिसरांत चालला. त्यांतून श्रुतींची पेटी निघाली आणि १९१६ सालीं बडोद्याच्या संगीतपरिषदेंत तिच्यावर कडाक्याचा वाद झाला. पेटी पुढें अडगळींत पडली. परंतु एका घराणेदार उस्तादानें आपला गळा मोजणीसाठीं पंडितांच्या स्वाधीन करावा, ही गोष्ट लहान नव्हे. विद्या लपविण्याच्या त्या काळांत हा मनुष्य ती उघडी करावयास भीत नव्हता, एवढें त्यावरून दिसतें. आणि तबकडीचा विचार करतांना हें ध्यानांत ठेवणें अवश्य आहे.

मग घर मोडलें. १९२० च्या आगेंमागें ताराबाई मुलांना घेऊन निघून गेल्या. मुलांचीं नांवें बदललीं. अब्दुल रेहमान सुरेशबाबू माने झाले, चंपाकली हिराबाई बडोदेकर झाल्या. धाकट्या सरस्वती पुढें सरस्वतीबाई राणे म्हणून प्रसिद्धीस आल्या. बापाचें नांव त्यांनीं लावलें नाहीं, पण बापाचा स्वर गळ्यांतून काढून टाकणें कोणाच्या हातीं असतें? हिराबाईंनीं तिकिटें लावून जाहीर जलसे केले, कुलीन स्त्रीनें व्यासपीठावर बसून गाण्याची वाट रुळविली, आणि त्यांच्या तबकड्या घरोघर गेल्या. म्हणजे मिरजेंत एकटे राहणार्‍या वृद्ध पित्याच्या नव्या मुद्रिका निघण्यापूर्वींच दुरावलेल्या मुलीचा आवाज बाजारांत वाजत होता. खांसाहेबांनीं तो कोठें ऐकला असेल काय, आणि ऐकतांना त्यांना काय वाटलें असेल, ह्याची कल्पनाच केलेली बरी.

साठी उलटल्यावर, १९३० ते १९४० च्या दशकाच्या मध्याला, ओडियन कंपनीसाठीं खांसाहेब पुन्हां मुद्रणाला बसले. ह्या वेळीं शिंग नव्हतें. १९२५ पासून विजेच्या मायक्रोफोनचा उपयोग मुद्रणांत होऊं लागला होता, आणि त्या एका शोधानें गायकांच्या जगांत मोठी उलथापालथ केली होती. ज्यांचा आवाज दिवाणखान्याच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोंचत नव्हता त्यांचा तो आतां घराघरांत पोंचूं लागला. करीमखांच्या बारीक आवाजाची तर हा यंत्रविशेष जणूं तीस वर्षें वाट पाहत होता. दम कमी झाला होता, वरच्या सप्तकांतला लखलखाट मंदावला होता. पण स्वर लावण्याची ती रीत पिकून मऊ झाली होती, आणि नेमकी तीच मायक्रोफोनला समजली.

युरोपांतहि असें एक उदाहरण आहे. आडेलीना पाटी ही जगद्विख्यात गायिका ग्रामोफोनला बरीच वर्षें दूर ठेवीत होती. अखेर १९०५ च्या डिसेंबरांत, वयाच्या बासष्टाव्या वर्षीं, तंत्रज्ञच आपलीं यंत्रें घेऊन वेल्समधील तिच्या वाड्यावर गेले आणि तेथें मुद्रण झालें. आपलाच आवाज ऐकून ती हरखून गेली, असें सांगतात. परंतु पाटीचा आवाज यंत्राला उशिरां सांपडला, आणि यंत्रहि त्या वेळीं अपुरें होतें. करीमखांच्या बाबतींत आवाज उतरणीला लागत असतां यंत्र मात्र चढणीवर होतें. दोघांची गांठ नेमक्या ठिकाणीं पडली.

त्या तबकड्यांत त्यांनीं केलें काय, हें थोडें तपशिलानें पाहण्यासारखें आहे. बैठकींत वसंत गावयाचा म्हणजे विलंबित ख्यालानें आरंभ करावयाचा, एकेक स्वर जागा करीत षड्जापर्यंत चढावयाचें, मग द्रुत. तबकडीवर ह्यांपैकीं पहिल्या अर्ध्या तासाला जागाच नाहीं. पुष्कळ गवयांनीं अशा वेळीं घाई केली. अस्थाई, अंतरा आणि जमतील तितक्या ताना तीन मिनिटांत कोंबल्या. ऐकणारा धापा टाकतो. करीमखांनीं घाई केली नाहीं. 'फगवा ब्रिज देखन को' ही वसंतांतील चीज त्यांनीं थेट मुखड्यावर उचलली, पण मुखडा म्हणतांच रागाचा सारा परिसर उभा राहतो. अमुक मिनिटांत संपवावयाचें आहे ही जाणीव गाणार्‍याला असल्याचें कोठेंहि दिसत नाहीं. ताना आहेत, पण त्या मोत्यांच्या सरासारख्या ओघळतात आणि समेवर अलगद येतात. झिंझोटींतील 'पिया बिन नहीं आवत चैन' ही तर ठुमरी. बनारस-लखनौच्या ठुमरींतला नखरा, लाडिकपणा तिच्यांत नाहीं. एकच आर्त स्वर निरनिराळ्या कोनांतून दाखविला जातो आणि थाळी संपते तेव्हां ती संपली हें क्षणभर पटत नाहीं. जोगियांतील ठुमरीहि अशीच. तीन मिनिटांची असून तिच्यांत मोकळी जागा आहे. लहान खोलींत मोजकीच भांडीं ठेवल्यानें ती प्रशस्त दिसावी, तशांतला हा प्रकार.

दुसरें वैशिष्ट्य निवडीचें. ह्या थाळ्यांत ख्याल आहेत, ठुमर्‍या आहेत, सरगम आहे, आणि त्यांच्याच शेजारीं मराठी नाट्यपदें आहेत. 'चंद्रिका ही जणूं' हें पद मूळचें खाडिलकरांच्या १९११ सालच्या 'मानापमान' नाटकांतलें. चाल गोविंदराव टेंब्यांची. रंगभूमीवरचें पद म्हणून त्याला एक ठेका, एक चटका होता. करीमखांनीं तें नाटकांतून उचलून बैठकींत आणून बसविलें, आणि सांगलीच्या नाटककाराचे शब्द कैरान्याच्या गळ्यांतून मिरजेच्या ढंगानें बाहेर पडले. त्याहूनहि धीट निवड म्हणजे खरहरप्रिया रागांतील त्यागराजांची तेलुगु कृति. म्हैसूरच्या दरबारीं त्यांचें वरचेवर जाणें असे. धारवाडला अंबाबाईंचें कर्नाटकी गाणें ऐकावयास ते मुद्दाम जात. अंबाबाईंची कन्या गंगूबाई हनगल हीच पुढें किराणा घराण्याची मोठी गायिका झाली. आपण उत्तरेचे, ही भाषा आपली नव्हे, हा विचार करीमखांना शिवला नाहीं. कर्नाटकी पंडितांनीं त्या कृतींत दोष काढले असतील, निघण्यासारखे आहेतहि. पण त्या काळांत दुसर्‍या कोणत्या उत्तरेकडील उस्तादानें हा प्रयत्न थाळीवर नोंदवून ठेवला?

ह्या मुद्रिकांचें नुसतें कौतुक करणेंहि न्यायाचें होणार नाहीं. त्यांनीं खांसाहेबांची कीर्ति वाढविली तशी ती एका सांच्यांतहि बसविली. किराणा म्हणजे गोडवा, किराणा म्हणजे करुण रस, लयीचें काम तेथें शोधूं नये, असा जो समज पसरला त्याला ह्या थाळ्या पुष्कळ अंशीं कारण झाल्या. तासभर चालणारी त्यांची बढत, तींतला हळूहळू चढणारा बांध, ज्यांनीं समक्ष ऐकला ते लोक आतां राहिले नाहींत. थाळी तेवढी उरली. शिवाय अनुकरणाचा रोग जडला. ज्यांनीं खांसाहेबांना कधीं पाहिलेंहि नाहीं असे विद्यार्थी त्या तीन मिनिटांतली प्रत्येक हरकत, श्वास घेण्याच्या जागेसकट, पाठ करूं लागले. गुरु चुकला तर शिष्याला दुसर्‍या दिवशीं सांगतो. तबकडी तीच जागा शंभर वेळां तशीच म्हणते.

पण हाच गुरु कोणाला कोठें भेटेल ह्याचा नेम नसे. गदगच्या एका शाळकरी मुलानें बाजारांतल्या दुकानावर वाजणारी करीमखांची तबकडी ऐकली, असें गावयाचें एवढें एकच त्याच्या मनानें घेतलें, आणि घर सोडून तो गुरूच्या शोधांत हिंदुस्थानभर भटकला. हा मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. ही आठवण ते स्वतः सांगत. ग्वाल्हेर, कलकत्ता, जालंदर करून तो अखेर घराजवळच कुंदगोळला आला आणि खांसाहेबांचे पट्टशिष्य सवाई गंधर्व ह्यांच्यापुढें बसला. थाळीनें वाट दाखविली, पण विद्या घ्यावयाला माणसाकडेच जावें लागलें. फिरोज दस्तूर ह्यांनींहि सवाई गंधर्वांपाशींच तालीम घेतली, आणि करीमखांच्या चिजा ते अखेरपर्यंत गात असत. रोशनआरा बेगम तर खुद्द खांसाहेबांच्याच शिष्या. १९४८ सालीं त्या पाकिस्तानांत गेल्या आणि किराण्याची एक शाखा लाहोरकडे नेती झाली.

ह्या नव्या थाळ्या निघत असतांना खांसाहेबांच्या हातीं फार थोडा काळ उरला होता. १९३७ च्या आक्टोबरांत ते मद्रासेस गेले. तेथून पांडिचेरीस श्रीअरविंदांच्या आश्रमांत गाण्यासाठीं ते निघाले. २७ आक्टोबरच्या रात्रीं वाटेंत गाडींतच छातींत कळा येऊं लागल्या. सिंगपेरुमाळकोइल हें आडवळणाचें लहान स्टेशन. तेथें ते उतरले. फलाटावर बिछाना पसरला गेला. खांसाहेबांनीं तंबोरा जुळवावयास सांगितलें, नमाज पढले, आणि दरबारी कानड्यांत ईश्वराची प्रार्थना गात गात त्यांनीं देह ठेवला, असें त्यांच्या चरित्रकारांनीं नोंदविलें आहे. तेथें कोणी मायक्रोफोन लावलेला नव्हता. तो दरबारी किती वेळ चालला हेंहि कोणी घड्याळ लावून मोजलें नाहीं.

देह मिरजेस आणण्यांत आला आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारांत पुरण्यांत आला.

पुढें तबकड्यांचेंहि रूप पालटलें. १९४८ सालीं अमेरिकेंत मिनिटाला तेहतीस फेरे घेणारी मोठी थाळी आली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटें गाणें मावूं लागलें. हिंदुस्थानांत ती रुळल्यावर भीमसेन, गंगूबाई, फिरोज दस्तूर ह्यांना विलंबित ख्याल निवांत मुद्रित करतां आले. जें गुरूच्या गुरूला मिळालें नव्हतें तें त्यांना मिळालें. करीमखांच्या जुन्या तीन-तीन मिनिटांच्या मुद्रिकाहि एकापुढें एक जोडून मोठ्या थाळींत भरण्यांत आल्या. सलग ऐकतांना त्यांचा गुण थोडा उणावतो, असें जुन्या श्रोत्यांचें म्हणणें असे, आणि त्यांत तथ्य आहे. मध्यें उठून चावी देण्याचा जो विसांवा होता त्यांत मागचा स्वर कानांत घोळत राही. मोठी थाळी मिळाल्यावरहि लहान मुद्रिकेची हौस मात्र कोठेंच मेली नाहीं. विजेच्या गिटारींचा कडकडाट करून जगभर गाजलेले विलायतेंतील जुनेजाणते वाद्यवृंदसुद्धां तीस-चाळीस वर्षांच्या कारकिर्दीनंतर मधूनच चार-पांच गाण्यांची आटोपशीर मुद्रिका काढतात, आणि त्यांचे चाहते तिच्यावर झडप घालतात.

मिरजेच्या दर्ग्यांत उरुसाच्या वेळीं खांसाहेबांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते. ज्या चिंचेच्या झाडाखालीं ते स्वतः गात असत, त्याच ठिकाणीं गवई हजेरी लावतात. मोठमोठ्या नांवांचे कलावंत बिदागीचा विचार न करतां येथें येऊन गेले आहेत. हिराबाईहि येथें गाऊन गेल्या. तंबोरे मिरजेचेच असतात. रात्र चढत जाते, एक उठतो, दुसरा बसतो, आणि ज्याला दरबारी गावयाचा असेल तो आपल्या मनाला येईल तितका वेळ गातो.